वेगात थरथरणारी जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह
वेग वाढला की गाडी थरथरते म्हणून लगेच व्हील बॅलन्सिंगला धावू नका. मोकळ्या, सरळ रस्त्यावर त्याच वेगाला गिअर न्यूट्रलला घ्या, इंजिन चालूच ठेवा. थरथर तशीच राहिली तर बहुधा दोष चाकांत किंवा प्रोपेलर शाफ्टमध्ये (गिअरबॉक्सकडून चाकांच्या ॲक्सलला फिरकी नेणारा गाडीखालचा लांब दांडा) आहे. स्टिअरिंग हलत असेल तर पुढची चाकं बघा. रिमच्या आत वाळलेला चिखलसुद्धा पुरतो. सीट आणि फ्लोअर बारीक घुमत असेल तर माझा पहिला संशय शाफ्टवर, कारण तो चाकांच्या साधारण ३ ते ५ पट वेगाने फिरतो.

गाडी सपाटीवर लावा, चाकांना पुढून-मागून दगड लावा आणि शाफ्ट हाताने पिळून बघा. क्रॉसच्या (शाफ्टच्या टोकाचा वळणारा सांधा) कपाजवळ तांबूस भुकटी दिसली तर ग्रीस संपून बेअरिंग सुकलंय, क्रॉस बदलाच. शाफ्ट कधी उघडला असेल तर स्लिप जॉइंटच्या (शाफ्टचा आत-बाहेर सरकणारा दातेरी जोड) खुणा जुळतात का तेही पाहा. एक दात चुकला तरी थरथर येते, आणि हे फार वेळा नजरेतून सुटतं.

हाताने फिरवायचे लॉकिंग हब (पुढची चाकं पुढच्या ॲक्सलला जोडणारे किंवा सोडणारे) असतील तर टू-व्हील-ड्राइव्हमध्येच एकदा फ्री, एकदा लॉक करून चालवा. फक्त लॉकमध्ये थरथरली तर पुढचा शाफ्ट तपासा.