ध्रुवीय किनाऱ्यावर लोह आणि प्लवकवाढ कशी तपासावी

प्लवकाला, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींना, वाढीसाठी लोह लागते. पण दक्षिण महासागराच्या खुल्या भागात, पृष्ठभागाजवळच्या पाण्यात विरघळलेले लोह उन्हाळ्यात बहुधा लिटरमागे ०.१ ते ०.३ नॅनोमोल एवढेच उरते, ०.१ नॅनोमोल म्हणजे जेमतेम ५.६ नॅनोग्रॅम (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग). अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याजवळ ते जास्त सापडते, तरीही जहाजाच्या गंजाचा एक कण नमुना नासवायला पुरेसा असतो. म्हणून मोहिमेवर निघण्याच्या कित्येक आठवडे आधीच पॉलिथिनच्या बाटल्या आधी डिटर्जंटमध्ये, मग हायड्रोक्लोरिक आम्लात मुरवून अतिशुद्ध पाण्याने धुवाव्यात आणि दुहेरी पिशवीत बंद कराव्यात.

नमुना घेताना पोलादी तार वापरू नये. केव्हलारचा दोर आणि आतून टेफ्लॉनचा लेप दिलेल्या बाटल्या वापराव्यात. लहान होडीतून पाणी घ्यायचे असल्यास होडीचे नाक प्रवाहाकडे ठेवून पुढच्या टोकावरून भरावे. पाणी स्वच्छ हवेच्या कक्षात ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळावे आणि गाळलेले पाणी अतिशुद्ध हायड्रोक्लोरिक आम्लाने सुमारे १.८ सामूपर्यंत आणून ठेवावे. हाताळणीत बाहेरचे लोह किती मिसळले हे कळावे म्हणून याच क्रमातून अतिशुद्ध पाण्याचा कोरा नमुनाही न्यावा. माझ्या मते, तो नसलेल्या आकड्यावर विसंबण्यात अर्थ नाही.

नमुने कोठून घ्यावेत, हे लोह कोठून येते यावर ठरते. पश्चिम अंटार्क्टिकालगतच्या अमुंडसेन समुद्रात तुलनेने उबदार खोल पाणी हिमकपाटाखाली (जमिनीला जोडून समुद्रावर तरंगणाऱ्या जाड बर्फाखाली) शिरते, त्याच्या तळाचा बर्फ वितळवते आणि वितळपाण्यामुळे हलके होऊन, वाटेतले लोह घेऊन, वर येते. त्यामुळे केवळ पृष्ठभागाचे पाणी न घेता, हे पाणी जेथून बाहेर पडते तेथे निरनिराळ्या खोलींवर, तापमान व क्षारता नोंदवून नमुने घ्यावेत. समुद्री बर्फातही लोह साठते आणि ते वसंतात वितळताना सुटते, हे वेळापत्रक आखताना ध्यानात ठेवावे.

लोह कमी आढळले म्हणून प्लवकाची वाढ त्यानेच रोखली आहे, असे मात्र लगेच मानू नये. एकाच पाण्याच्या बाटल्या भरून काहींत लिटरमागे १ ते २ नॅनोमोल लोह घालावे, काही तशाच ठेवाव्यात आणि सर्व मूळ तापमानात व प्रकाशात ठेवून काही दिवस प्लवकवाढीचे माप म्हणून हरितद्रव्य मोजावे. लोह घातलेल्या बाटल्यांतच वाढ झाली, तर टंचाई लोहाची. फरक पडला नाही, तर वाऱ्याने घुसळलेला थर किती खोल आहे आणि प्लवकाला उजेड पुरतो का, हे तपासावे.