पदवी झाली, नोकरी नाही: कोल्हापुरात हे वर्ष कसं मांडायचं

शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लागला की घरात दोनच शब्द ऐकू येतात, नोकरी नाहीतर एमपीएससी. मधे बरंच काही करता येतं आणि ते एकमेकांत बसवताही येतं. त्यासाठी एक मुख्य काम धरा, त्याच्या जोडीला एक कमाईचं काम घ्या आणि दोन्हींची शेवटची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून टाका. तिसरं काम हातात घेतलं की पहिलं बुडतं.

सुरुवात कागदपत्रांपासून करा. शिवाजी विद्यापीठाची पदवी दीक्षान्त समारंभानंतर हातात पडते, तोवर प्रोव्हिजनल सर्टिफिकेटवर काम भागतं. ते मागून घ्यावं लागतं, आपोआप येत नाही. कॉलेजचा दाखला पुढच्या प्रवेशाला मूळ प्रतीतच जातो, म्हणून आधी स्कॅन करून ठेवा. जात पडताळणीला सगळ्यात जास्त वेळ लागतो, तेव्हा तो अर्ज पहिला करा. नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते. जूनमधे काढलेलं प्रमाणपत्र पुढच्या एप्रिलच्या फॉर्मला चालेलच असं धरून बसू नका. आधारवरचं नाव दहावीच्या प्रमाणपत्राशी अक्षरन्‌ अक्षर जुळवा. फरक असेल तर आधार दुरुस्त करणं सोपं, बोर्डाचं प्रमाणपत्र बदलणं जिकिरीचं.

बँकेच्या खात्यात हमखास एक घोळ असतो. ‘आधार लिंक आहे’ म्हणजे बहुतेक वेळा फक्त केवायसी झालेली असते. सरकारी विद्यावेतन थेट जमा व्हायला (यालाच डीबीटी म्हणतात) खातं सीड झालेलं, म्हणजे सरकारी पैसे घेण्यासाठी आधार क्रमांकाशी जोडलेलं लागतं. दोन-तीन बँकांत खाती असतील तर पैसे शेवटी सीड केलेल्या खात्यात जातात आणि मुलं भलत्याच पासबुकात शोधत बसतात. शाखेत जाऊन ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग’ या नावानेच अर्ज द्या.

आता अप्रेंटिसशिप. ती फक्त आयटीआय आणि इंजिनिअरिंगवाल्यांसाठी आहे हा समज चुकीचा आहे. केंद्राच्या नॅट्स या अप्रेंटिसशिप योजनेत बीए, बीकॉम, बीएस्सी झालेल्यांनाही जागा असतात. प्रशिक्षण साधारण वर्षभराचं असतं आणि शेवटी प्रमाणपत्र मिळतं. मात्र आधीच वर्षभर किंवा जास्त नोकरीचा अनुभव असेल तर यात घेत नाहीत. म्हणून पदवीनंतर लगेच कुठेतरी चिकटायचं आणि मग अप्रेंटिसशिप बघायची, हा क्रम उलटा पडतो.

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीत विचारायला जाल तेव्हा गेटवरच तीन गोष्टी स्पष्ट करून घ्या. करार नॅट्सच्या पोर्टलवर नोंदणार का आणि त्याचा क्रमांक कधी मिळेल? कंपनीच्या कोणत्या विभागात बसवणार? हजेरी आणि अहवाल पोर्टलवर कोण भरणार? ‘आधी रुजू हो, करार नंतर बघू’ असं उत्तर आलं तर सावध व्हा, कारण नोंदणीआधीचे महिने प्रमाणपत्रात धरले जात नाहीत. आणि अप्रेंटिस हा कामगार नसतो, त्यामुळे पीएफची अपेक्षा ठेवू नका.

विभाग नीट निवडला तर वर्ष सार्थकी लागतं. बीएस्सीवाल्यांनी फौंड्रीची, म्हणजे धातू ओतून सुटे भाग घडवणाऱ्या कारखान्याची, लॅब मागावी. तिथे वाळूची ओल, तिची हवा जाऊ देण्याची क्षमता आणि ताकद रोज तपासली जाते. वितळलेल्या लोखंडातला कार्बन आणि सिलिकॉन स्पेक्ट्रो या यंत्रावर बघितला जातो. वाळूत ओल वाढली की तप्त धातू पडताच वाफ कोंडते आणि कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे आत पोकळ भोकं पडतात. रिजेक्शनच्या नोंदीशेजारी त्या दिवसाची ओल लिहून ठेवायची सवय लावली, की तीन महिन्यांत मुलाखतीत बोलण्यासारखं काहीतरी हातात येतं.

बीकॉमवाल्यांनी कर सल्लागाराकडे बसावं, पण फक्त बिलं टॅलीत भरायला नाही. महिन्याचं चक्र असं असतं: ७ तारखेपर्यंत टीडीएस भरणं, ११ पर्यंत जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र), १४ ला २-बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांचा तक्ता) तयार होतं, २० पर्यंत ३-बी (कर भरण्याचं विवरणपत्र). खरी कसोटी १४ ते २० या दिवसांत लागते, कारण खरेदीची बिलं २-बीशी जुळवायची असतात. पुरवठादाराने बिल दाखवलंच नसेल तर क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, अडकतं. ही जुळवणी जमली की उद्यमनगरातल्या छोट्या कारखानदाराला तुमची गरज पडते.

राज्य सरकारची २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही आहे, पदवीधरांना महिना १०,००० रुपये. आधी ६ महिन्यांची होती, पुढे ११ महिन्यांची झाली. नोंदणी ‘महास्वयम्’ या सरकारी पोर्टलवर होते. जागा खुल्या आहेत का ते आधी तिथेच बघा. पुढे कायम करून घेतील या आशेवर मात्र जाऊ नका, तसं वचन योजनेत नाही.

एमपीएससी करायचंच असेल तर किती प्रिलिम देणार ते आधीच ठरवा. दोन पुरेत. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली: नऊ पेपर, गुणांसाठी १७५० आणि मुलाखतीला २७५. मराठी व इंग्रजीचे प्रत्येकी ३०० गुणांचे दोन पेपर फक्त पात्रतेचे, २५ टक्के पुरतात. निबंध २५०, सामान्य अध्ययनाचे चार आणि वैकल्पिक विषयाचे दोन पेपर प्रत्येकी २५०. नुसतं अधोरेखित करत वाचणाऱ्यांचं इथे नुकसान होतं. पहिल्या महिन्यापासून रोज दोन उत्तरं घड्याळ लावून हाताने लिहा. अभ्यासिका घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर घ्या. चहाच्या टपरीवर मंडळींसोबत जाणारा वेळ मोजला तर आठवड्याचे किती तास जातात ते कळेल. वाचायला करवीर नगर वाचन मंदिर आहेच, १८५० पासूनचं.

जोडीच्या कमाईला शिकवणी सगळ्यात सोयीची, कारण ती संध्याकाळी असते. आठवी ते दहावी, गणित किंवा इंग्रजी, एकच विषय, एका बॅचला आठ मुलं, आठवड्याला १२ तासांच्या वर नाही. बॅच जूनमधे सुरू करा. दिवाळीनंतर सुरू केली तर मागे पडलेलीच मुलं येतात आणि निकालाचं खापर तुमच्यावर फुटतं. फी महिन्याच्या ५ तारखेच्या आत, आगाऊ. शेजारच्या काकूंच्या मुलालाही हाच नियम, नाहीतर सगळ्यांनाच सूट द्यावी लागते.

प्राध्यापकीकडे कल असेल तर याच काळात दूरशिक्षणातून एमए किंवा एमकॉम करता येतं. २०२२ पासून यूजीसीने दोन पदव्या एकाच वेळी घेण्याची मुभा दिली आहे. नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेला पदव्युत्तरला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ५०. तेवढ्यावर डोळा ठेवून विषय निवडा.

अप्रेंटिसशिपचं वर्ष संपत आलं की मुख्यमंत्री फेलोशिपची, म्हणजे राज्य सरकारसोबत काम करण्याच्या संधीची, जाहिरात बघा. वय २१ ते २६, पदवीला ६० टक्के आणि एक वर्षाचा अनुभव मागतात. त्यात पूर्णवेळ अप्रेंटिसशिप धरली जाते. प्रमाणपत्रावरच्या रुजू आणि समाप्तीच्या तारखा बरोबर १२ महिने भरतात का, ते कंपनी सोडायच्या आधी तपासा.