फौजी, गुप्तहेर पोलीस आणि मग चित्रकार: अशा माणसाची चित्रं-पदकं कोकणात कशी जपावीत

वर्षश्राद्धाला मांडणी करायची तर कामाला एप्रिलमध्येच लागा. पावसाळी हवेत कागद ओल धरतो आणि काचेखाली बंद केला की आत बुरशी धरते.

आधी प्रत्येक चित्राचा पुढून-मागून फोटो घ्या. मागे पेन्सिलीनं लिहिलेली तारीख, बंदराचं नाव, रंगाचे ठिपके पुसू नका. तीच त्यांची नोंद. पोलिसातली नजर तिथेच दिसते: होडीचा नंबर, भरतीची वेळसुद्धा टिपलेली असते.

जलरंगाला काच टेकता कामा नये. मध्ये आम्लरहित माउंटबोर्ड (चित्राएवढी खिडकी कापलेला जाड पुठ्ठा) घाला, म्हणजे पोकळी राहते. सेलोटेप अजिबात नको, काही वर्षांत पिवळे डाग पडतात. जांभ्याची भिंत पावसात पाझरते, म्हणून फ्रेमच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा. सेंटिमीटरभर वारा खेळू द्या. उन्हाची भिंत टाळा.

पदकं चिंच-राखेनं घासू नका, कृपा करा. कडेवर कोरलेला नंबर आणि नाव झिजून जातं. मऊ सुती कापडानं पुसा, सिलिका जेलसोबत (ओल शोषणारे निळे दाणे) डब्यात ठेवा. दाणे गुलाबी झाले की तापवून पुन्हा वापरा.

प्रशस्तिपत्रं खुशाल लावा, मूळ नव्हे, रंगीत प्रत. तपासाची डायरी, साक्षीदारांची नावं असलेले कागद मात्र लावू नका. पाटीवर तिन्ही ओळखी लिहा: पलटण, पोलीस, चित्रकार. नुसतं ‘कै.’ आणि नाव अपुरं पडतं.