पॅरामिशियमचं कल्चर सांभाळताना या चुका टाळा

वाळलं गवत उकळा, पाणी बरणीत आठवडाभर ठेवा, पॅरामिशियम (तळ्यात राहणारा एकपेशीय सूक्ष्मजीव) तयार! प्रॅक्टिकलच्या वह्यांतून ही कृती वर्षानुवर्षं उतरवली जाते आणि दर वर्षी अर्ध्या वर्गाच्या बरण्या रिकाम्या निघतात. गवतातून पॅरामिशियम येत नाही. कोरडेपणात टिकून राहायला कोल्पोडासारखे सिलिएट (अंगावरच्या बारीक केसांनी पोहणारे एकपेशीय जीव, पॅरामिशियमही त्यांतलंच) स्वतःभोवती कवच करतात, त्याला सिस्ट म्हणतात. पॅरामिशियम अशी सिस्ट करत असल्याचा भक्कम पुरावा नाही. गवताचं काम फक्त बॅक्टेरिया वाढवण्याचं, म्हणजे खाद्य पुरवण्याचं. पॅरामिशियम आणायचं ते तळ्यातून, कुजणाऱ्या पानांच्या आसपासचं पाणी घेऊन.

न उकळलेल्या गवतातून किंवा धुळीतून बरणीत उतरतो तो बहुधा कोल्पोडा. राजम्याच्या दाण्यासारखा आकार, गोल गोल फिरत पोहणं. पुष्कळ विद्यार्थी त्यालाच 'लहान पॅरामिशियम' समजून आकृती काढतात आणि मग त्याचं आडवं विभाजन शोधत बसतात. ते दिसणार कसं? कोल्पोडा सहसा सिस्टच्या आतच विभागतो.

पेंढा उकळून गार करा, बॅक्टेरिया वाढायला पाणी एक-दोन दिवस तसंच ठेवा, मग तळ्याचं पाणी घाला. नळाचं पाणी वापरायचं असेल तर क्लोरीन उडून जाईपर्यंत ते रुंद तोंडाच्या भांड्यात उघडं ठेवा. बरणी उन्हात नको. विदर्भातल्या मे महिन्यात तर ती घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात हवी.

यानंतर कल्चर, म्हणजे बरणीत वाढवलेली पॅरामिशियम, मरतं ते बहुतेकदा लाडाने. संख्या कमी दिसली की लोक भाताची शितं, गव्हाचे दाणे, दुधाचे थेंब घालत सुटतात. बॅक्टेरिया बेसुमार वाढतात आणि पाण्यातला ऑक्सिजन संपतो. पाण्यावर जाड साय धरली, वास मारायला लागला आणि सगळी पॅरामिशियम पृष्ठभागाजवळ कडेला गोळा झाली, की वेळ थोडा उरला आहे असं समजा. त्याच कडेचं पाणी ड्रॉपरने उचलून पेंढ्याच्या ताज्या, पातळ काढ्यात सोडा. वाटीभर पाण्याला उकडलेला एखादा दाणा पुरतो. आणि कल्चर कधीही एकाच बरणीत ठेवू नका.

कधी वास नाही, साय नाही, तरी बरणी दोन-तीन दिवसांत ओस पडते. तेव्हा पिंपाच्या आकाराचा, पुढे सोंडेसारखं टोक असलेला डिडिनियम हा शिकारी सिलिएट शोधा. तो पॅरामिशियम अख्खं गिळतो आणि शिकार संपली की सिस्ट करून बसतो, म्हणून बरणी नुसती विसळून भागत नाही. तिच्यात उकळतं पाणी ओता. गाऊझे या रशियन शास्त्रज्ञाने 1934 साली हे गणित मांडून दाखवलं: स्वच्छ पाण्यात डिडिनियमने सगळी पॅरामिशियम संपवली आणि नंतर स्वतःही उपासमारीने संपला, तळाशी गाळ ठेवला तेव्हा लपलेली पॅरामिशियम वाचली. एका बरणीत पॅरामिशियमच्या दोन जाती ठेवणाऱ्यांनीही त्याचं काम लक्षात ठेवावं. त्याच्या प्रयोगांत ऑरेलिया या जातीने कॉडेटम या जातीला हटवलं होतं.

दोन वेगळ्या ठिकाणचे नमुने एकत्र केले आणि त्यातला एक दुसऱ्या दिवशी मेला, तर पाण्याला दोष देण्याआधी 'किलर' पॅरामिशियमचा विचार करा. ट्रेसी सोनबॉर्न यांनी 1938 मध्ये हा प्रकार शोधला. किलरच्या पेशीद्रवात कप्पा नावाचे कण असतात. ते म्हणजे आत राहणारे बॅक्टेरियाच. कप्पा पेशीद्रवातून पुढच्या पिढीत जातो, पण तो टिकायला पॅरामिशियमच्या केंद्रकात K हे जनुक लागतं. शिवाय भरपूर खाद्य देऊन पेशी फार वेगाने विभागायला लावल्या तर कप्पा मागे पडतो आणि किलरचा गुण नाहीसा होतो. भरपेट खाऊ घातलेल्या कल्चरमधून किलर हरवतो तो यामुळे.

आता स्लाइडवरची चूक. जोडी दिसली की लगेच 'विभाजन' लिहू नका. विभाजनात एकच पेशी मधोमध आवळली जाते आणि दोन पेशी पुढे-मागे, एका रेषेत असतात. संयुग्मनात दोन पेशी शेजारी शेजारी, तोंडाच्या बाजूने चिकटतात. त्यातून संख्या वाढत नाही. दोन आल्या, दोनच गेल्या, फक्त जनुकांची देवाणघेवाण झाली. एकाच पेशीपासून वाढवलेल्या कल्चरमध्ये संयुग्मन सहसा होत नाही, कारण सगळ्यांचा मेटिंग टाइप (जोडी जमण्यासाठीचा प्रकार) एकच असतो. दोन पूरक प्रकार हवेत आणि पेशी किंचित भुकेल्या हव्यात.

ही भूक ऑरेलिया गटाला आणखी एका कारणासाठी लागते. उपाशी पेशी स्वतःतल्या स्वतः ऑटोगॅमी करते, जुना मॅक्रोन्यूक्लिअस (पेशीचं रोजचं काम चालवणारं मोठं केंद्रक) मोडून नवा घडवते आणि तिचं वय जणू पुन्हा शून्यावर येतं. याच गटातल्या टेट्राऑरेलिया जातीला ही संधीच दिली नाही, तर साधारण 200 विभाजनांच्या आसपास तो वंश थकून संपतो. म्हणून कायम तुडुंब खाऊ घातलेलं कल्चर काही महिन्यांत कारणाशिवाय मेल्यासारखं वाटतं. अधूनमधून खाद्य थांबवा.

संगणकावर काम करणाऱ्यांसाठी एक सूचना. पॅरामिशियमच्या जनुकाचं प्रथिनात भाषांतर नेहमीच्या जनुकीय कोडने केलं तर वाक्य अर्ध्यावर तुटावं तसं प्रथिन मध्येच थांबतं. सिक्वेन्सिंग खराब झालं असं समजून नमुना फेकू नका. इथे UAA आणि UAG हे तीन अक्षरी संकेत म्हणजे थांबा नव्हे, ग्लुटामाइन हे अमिनो आम्ल. थांबा फक्त UGA. एनसीबीआय या अमेरिकी जनुक-माहिती केंद्राचा 6 क्रमांकाचा कोड-तक्ता निवडा. पण सगळ्या सिलिएटना तोच लावू नका: युप्लॉटिसमध्ये UGA म्हणजे सिस्टीन हे अमिनो आम्ल, त्याला 10 क्रमांक, तर स्टेंटॉर नेहमीचाच कोड वापरतो.

तळ्याच्या पाण्यातल्या डीएनएवरून कोणता सिलिएट किती हे ठरवतानाही जपून. टेट्राऑरेलियाच्या एका मॅक्रोन्यूक्लिअसमध्ये जीनोमच्या (संपूर्ण जनुकसंचाच्या) सुमारे 800 प्रती असतात, त्यामुळे मोजक्या पेशीही निकालात गर्दी करतात. संख्या हवी असेल तर थेंबातल्या पेशी डोळ्यांनी मोजा.