सपोर्टेड लॉजिंग्ज: घराची चावी पहिल्याच दिवशी द्या

इंग्लंडमध्ये कौन्सिलच्या (स्थानिक प्रशासनाच्या) देखभालीतलं 16-17 वर्षांचं मूल ‘सपोर्टेड लॉजिंग्ज’ म्हणून, म्हणजे स्वतंत्र राहायला शिकत, तुमच्या घरी राहायला येणार असेल, तर ही सोय चालवणारी संस्था ऑफस्टेडकडे (शाळा आणि मुलांच्या सेवा तपासणारं सरकारी खातं) नोंदलेली आहे का ते आधी बघा. 2023 पासून ते सक्तीचं आहे. घरातल्या प्रत्येक सज्ञान माणसाची डीबीएस तपासणी (गुन्हेगारी नोंदींची पडताळणी) होते.

चावी मात्र पहिल्याच दिवशी द्या. ‘आधी विश्वास बसू दे’ म्हणून ती राखून ठेवली, की मूल पाहुण्यासारखं अंग चोरून वावरतं. खोलीत शिरण्याआधी दार वाजवा. फ्रिजमधला एक कप्पा त्याच्या नावाचा करा आणि त्यातलं काय खाल्लं, किती उरलं, हे विचारू नका. उपासमार सोसलेली मुलं बिस्किटं, ब्रेड गादीखाली दडवतात. ती चोरी नव्हे; रागावलात तर दडवणं वाढेल. झाकणाचा डबा देऊन खोलीतच ठेवू द्या.

रात्री किती वाजता परतायचं आणि न कळवता उशीर झाला तर कधी, कोणाला फोन करायचा, हे सपोर्ट वर्करसमोर (मुलाला मदत करणाऱ्या कर्मचाऱ्यासमोर) लिहून घ्या. ऐन रात्री ठरवायला गेलं की भांडणच होतं.

स्वयंपाक शिकवताना खिचडी, पास्ता, अंडाभुर्जी एवढं पुरे. सामान त्याच्याच बजेटमधून, त्यालाच आणू द्या. अठरा पूर्ण झाल्यावर युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्न असलेल्यांना किंवा बेरोजगारांना मिळणारा सरकारी भत्ता) घ्यायचं असेल तर पहिला हप्ता हातात पडायला साधारण 5 आठवडे लागतात. ओळखपत्र आणि बँक खातं वाढदिवसाच्या बरंच आधी तयार हवं.