स्टार वॉर्स वाचायला घेताना: आधी काय, मग काय, आणि काय सोडून द्यायचं

स्टार वॉर्सच्या कादंबऱ्या वाचायच्या असं मनावर घेतलेला माणूस आधी एखादी यादी शोधतो, आणि बहुतेकदा ती यादी बघूनच हाय खातो. कादंबऱ्या शेकड्यांनी, कॉमिक्सचे अंक त्याच्या कैक पट. त्यातून यादी लावलेली असते कथेतल्या काळानुसार: हजारो वर्षांपूर्वीचे जेडाय योद्धे सगळ्यात वर, ल्यूक स्कायवॉकरचे वंशज सगळ्यात खाली. नवा वाचक इमानेइतबारे पहिल्या क्रमांकापासून सुरुवात करतो आणि तिसऱ्या-चौथ्या पुस्तकात अडकतो. ज्यांच्यासाठी तो आलेला असतो ते ल्यूक, लेया, हान आणि व्हेडर तिथं अजून जन्मलेलेही नसतात.

कथेतला काळ सुरुवातीला बाजूला ठेवा. पुस्तकं ज्या क्रमानं प्रसिद्ध झाली त्या क्रमानं वाचा, पण छोट्या छोट्या गटांत, आणि प्रत्येक गटानंतर थांबायची मुभा स्वतःला द्या. वाचकाला आतापर्यंत काय ठाऊक आहे हे धरूनच लेखक रहस्य कुठं फोडायचं ते ठरवत असतो. काळानुसार वाचत गेलं की ती आखणी फुकट जाते.

पहिली पायरी: चित्रपट

१९७७, १९८० आणि १९८३ चे तीन मूळ चित्रपट पाहिलेले हवेतच. १९९९, २००२ आणि २००५ चे तीन सवडीनं पाहिले तरी चालतील. मात्र पुढं ज्या गटात त्यांची गरज लागेल तिथं मी सांगेनच.

दुसरी पायरी: दोन प्रवाह ओळखा

सगळा घोळ इथं आहे, म्हणून जरा सविस्तर. स्टार वॉर्सची पहिली कादंबरी चित्रपटाच्याही आधी, नोव्हेंबर १९७६ मध्ये आली. मुखपृष्ठावर नाव जॉर्ज लुकास यांचं, लिहिणारे ॲलन डीन फॉस्टर. त्याच फॉस्टरनी १९७८ मध्ये 'स्प्लिंटर ऑफ द माइंड्स आय' लिहिली. पहिला चित्रपट फारसा चालला नाही तर कमी खर्चात दुसरा काढता यावा, असा तिच्यामागचा हिशोब होता. म्हणून कथा जवळजवळ सगळी एका धुकट ग्रहावर घडते. ल्यूक आणि लेया भाऊबहीण आहेत हे तेव्हा वाचकांना ठाऊक नव्हतं, त्यामुळं त्या दोघांतले काही प्रसंग आज वाचताना अंगावर शहारे येतात. भलत्याच कारणानं.

तिथून पुढं २०१४ पर्यंत कादंबऱ्या आणि कॉमिक्सचं एक अफाट विश्व उभं राहिलं. ऑक्टोबर २०१२ मध्ये डिस्नेनं लुकासफिल्म विकत घेण्याची घोषणा केली आणि २५ एप्रिल २०१४ ला जाहीर झालं की नव्या चित्रपटांना हे जुनं विश्व बांधील राहणार नाही. जुन्याला 'लेजंड्स' हे नाव मिळालं. त्यानंतरचं जे लिहिलं गेलं, ते चित्रपट आणि 'क्लोन वॉर्स' मालिकेसह एकच अधिकृत कथा मानलं जातं. चाहते त्याला 'कॅनन' म्हणतात. नव्या प्रवाहातली पहिली कादंबरी सप्टेंबर २०१४ ची, जॉन जॅक्सन मिलर यांची 'अ न्यू डॉन'.

हे प्रवाह एकमेकांत मिसळू नका. लेजंड्समध्ये हान आणि लेयाला तीन मुलं आहेत: जेना, जेसन आणि अनाकिन. कॅननमध्ये एकच, बेन. एका प्रवाहातलं पुस्तक संपवून दुसऱ्यातलं उघडलं की घरातली माणसंच बदललेली दिसतात.

तिसरी पायरी: दुकानात कॉपीराइटचं पान उघडा

पुण्यात नवी प्रत हवी असेल तर दुकानात नोंदवून ठेवणं किंवा ऑनलाइन मागवणं हाच भरवशाचा मार्ग. पण जुन्या प्रतींत मजा जास्त आहे. डेक्कनच्या फुटपाथवर, रविवारच्या जुन्या बाजारात किंवा एखाद्या पेठेतल्या रद्दीच्या दुकानात ही जाडजूड इंग्रजी पेपरबॅक्स थ्रिलरच्या ढिगात मिसळलेली सापडतात. विकणाऱ्याला त्यांतलं काही वेगळं वाटत नाही, हे आपल्या पथ्यावरच पडतं. फक्त चेहऱ्यावर आनंद दाखवू नका, नाहीतर घासाघीस तिथंच संपते.

अशी प्रत हातात आली की पहिली चार पानं बघा. कादंबरी पहिल्यांदा एप्रिल २०१४ च्या आधी प्रसिद्ध झाली असेल तर ती लेजंड्समधली (चित्रपटांवरून लिहिलेल्या कादंबऱ्या तेवढ्या वेगळ्या धरा). जुन्या प्रतीवर 'लेजंड्स' अशी पट्टी नसते, ती पुढच्या आवृत्त्यांवर आली. म्हणजे पट्टी नाही म्हणून पुस्तक कॅननमधलं, असा निष्कर्ष काढू नका. पाठीवर बँटम या प्रकाशकाचं चिन्ह असेल तर ते नव्वदच्या दशकातलं, डेल रे या प्रकाशकाचं असेल तर दोन्ही शक्यता.

कॉमिक्समध्ये प्रकाशकावरून ओळखायला गेलात तर फसाल. मार्व्हलनं १९७७ ते १९८६ दरम्यान १०७ अंकांची मालिका काढली. (तिच्या आठव्याच अंकात हान सोलोच्या मदतीला हिरवा, माणसाएवढा ससा येतो. नाव जॅक्सन. कुठं भेटला तर सोडू नका.) मग १९९१ पासून डार्क हॉर्स, आणि जानेवारी २०१५ पासून पुन्हा मार्व्हल. २०२२ मध्ये डार्क हॉर्सही परत आलं. म्हणून साल बघा, चिन्ह नको.

या खरेदीत एक पथ्य पाळा: मालिकेतला मधलाच भाग स्वस्त मिळाला म्हणून वाचायला सुरुवात करू नका. 'न्यू जेडाय ऑर्डर' ही १९९९ ते २००३ मधली १९ कादंबऱ्यांची मालिका आहे. तिचा अकरावा भाग हाती लागला तर घेऊन ठेवा, पण कपाटात.

चौथी पायरी: पहिलं पुस्तक

नव्या प्रवाहातून यायचं असेल तर माझं मत क्लॉडिया ग्रे यांच्या 'लॉस्ट स्टार्स'ला (२०१५). थेन आणि सिएना, एकाच आडवळणाच्या ग्रहावरचे दोन बालमित्र. दोघं साम्राज्याच्या अकादमीत जातात, पुढं एक बंडखोरांना मिळतो आणि दुसरी शपथेला जागून तिथंच राहते. तिन्ही मूळ चित्रपटांतल्या लढाया त्यांच्या आयुष्यामागून सरकत जातात, त्यामुळं पाहिलेलंच पुन्हा पाहतोय असं न वाटता ओळखीच्या मुलखात नवी वाट सापडते. किशोरांसाठी असा शिक्का आहे, त्याकडं दुर्लक्ष करा. इंग्रजी सोपं आहे, मराठी माध्यमातून आलेल्या आणि पहिल्यांदाच इतकी जाड इंग्रजी कादंबरी उचलणाऱ्या वाचकालाही ते अडणार नाही.

कादंबरीइतका सलग वेळ नसेल तर 'फ्रॉम अ सर्टन पॉइंट ऑफ व्ह्यू' (२०१७) घ्या. पहिल्या चित्रपटाच्या चाळिशीनिमित्त ४० कथा, बहुतेक चित्रपटात कडेला उभ्या असलेल्या पात्रांच्या. वनाज ते रामवाडी मेट्रोत एखाददुसरी आरामात होते.

पाचवी पायरी: कॉमिक्स, आणि इथं क्रम मोडू नका

कादंबऱ्यांचा क्रम थोडा मागंपुढं झाला तर बिघडत नाही. २०१५ नंतरच्या मार्व्हलच्या कॉमिक्समध्ये मात्र बिघडतं, कारण दोन मालिका एकमेकींत विणलेल्या आहेत: जेसन एरन यांनी सुरू केलेली 'स्टार वॉर्स' आणि कायरन गिलेन यांची, साल्वादोर लारोका यांच्या चित्रांची 'डार्थ व्हेडर'. दोन्ही १९७७ च्या चित्रपटानंतर लगेच सुरू होतात. डेथ स्टार उडवणाऱ्या पोराचं नाव काय, हे व्हेडरला कधी आणि कसं कळलं, याचं उत्तर दोन्ही मालिकांच्या सहाव्या अंकात आहे, एकच प्रसंग दोन बाजूंनी. आधी 'स्टार वॉर्स'चे पहिले सहा अंक, मग 'डार्थ व्हेडर'चे पहिले सहा. उलट वाचलंत तर व्हेडरच्या मनातलं आधी कळतं आणि दुसऱ्या मालिकेतला धक्का बोथट होतो.

दोन्हींचे बारा-बारा अंक झाले की 'व्हेडर डाउन'. ही सहा अंकांची एकच कथा एका स्वतंत्र अंकानं सुरू होते आणि मग दोन्ही मालिकांच्या अंकांतून आलटूनपालटून पुढं जाते. सुटे अंक जमवत बसू नका, पुस्तकरूपात ती सलग छापलेली आहे. त्यानंतर व्हेडरची मालिका पंचविसाव्या अंकापर्यंत संपवून टाका. तिच्यात भेटलेली डॉक्टर आफ्रा ही नीतिमत्तेशी फारसं देणंघेणं नसलेली पुरातत्त्वज्ञ आवडली (आवडतेच), तर डिसेंबर २०१६ पासूनची तिची स्वतंत्र मालिका घ्या.

मगच चार्ल्स सोल यांची २०१७ ची 'डार्थ व्हेडर'. ती २००५ च्या चित्रपटाच्या शेवटापासून सुरू होते, म्हणजे कथेच्या काळात गिलेनच्या बरीच आधी, आणि कालक्रमवाले ती आधी वाचायला सांगतात. माझा सल्ला उलटा आहे. गिलेनचा व्हेडर मुरलेला, थंड, हिशोबी आहे. तो ओळखीचा झाल्यावर सोलचा जखमी, नवखा व्हेडर बघण्यात अर्थ येतो. ही मालिका उघडण्याआधी २००५ चा चित्रपट पाहायला हवा. १९८० च्या चित्रपटानंतरच्या कथा २०२० पासूनच्या नव्या मालिकांत आहेत. त्या शेवटी.

छापील घ्यायचे तर पाच-सहा अंकांचे पेपरबॅक खंड घ्या. ऑम्निबस, म्हणजे अनेक खंड एकत्र बांधलेला जाडजूड ग्रंथ, कपाटात शोभतो, पण पोटावर ठेवून वाचायला गेलं की श्वास कोंडतो. अंकांची संख्या बघून धास्तावलेल्यांनी मार्व्हलच्या वाचन-ॲपची महिन्याची वर्गणी भरावी आणि आवडलेलेच खंड मग विकत घ्यावेत.

सहावी पायरी: थ्रॉन आणि हाय रिपब्लिक

निळ्या कातडीचा, शत्रूची चित्रकला अभ्यासून लढाई जिंकणारा सेनापती थ्रॉन टिमथी झान यांनी १९९१ मध्ये निर्माण केला आणि नव्या प्रवाहातही त्याला त्यांनीच आणखी फुलवलं. कॅननमध्ये आधी 'थ्रॉन' (२०१७), 'अलायन्सेस' आणि 'ट्रेझन' वाचा. त्याच्या तरुणपणाची 'असेंडन्सी' त्रयी (२०२०-२१) त्यानंतर. दुसऱ्या त्रयीत माणसं जवळजवळ नाहीत, नावं उच्चारता येत नाहीत. थ्रॉनवर जीव जडल्याशिवाय ती पेलत नाही.

हाय रिपब्लिक हा जेडायच्या वैभवाचा काळ, १९९९ च्या चित्रपटाच्या सुमारे २०० वर्षं आधीचा. याला तीन टप्पे आहेत, आणि दुसरा टप्पा पहिल्याच्या १५० वर्षं मागं जातो. तरी एक, दोन, तीन असंच वाचा. पहिल्या टप्प्यातल्या कोड्यांची उत्तरं दुसऱ्यात पेरलेली आहेत. मोठ्यांसाठीच्या कादंबऱ्यांचा कणा असा: 'लाइट ऑफ द जेडाय' (जानेवारी २०२१), 'द रायझिंग स्टॉर्म', 'द फॉलन स्टार', मग 'कन्व्हर्जन्स' आणि 'कॅटॅक्लिझम', शेवटी 'द आय ऑफ डार्कनेस', 'टेम्प्टेशन ऑफ द फोर्स' आणि २०२५ ची 'ट्रायल्स ऑफ द जेडाय'. पहिल्या कादंबरीत पात्रांची इतकी गर्दी आहे की शंभर पानांपर्यंत नावं लिहून ठेवावी लागतात. कॅव्हन स्कॉट यांचं मार्व्हलचं कॉमिक पहिल्या कादंबरीनंतर लगेच सुरू करा, चेहरे दिसले की नावं लक्षात राहतात.

सातवी पायरी: लेजंड्स

इथं प्रवेशद्वार एकच: झान यांची १९९१ ते १९९३ मधली त्रयी. 'एअर टू द एम्पायर', 'डार्क फोर्स रायझिंग', 'द लास्ट कमांड'. १९८३ च्या चित्रपटानंतर पाच वर्षांनी कथा सुरू होते. राजधानीच्या ग्रहाला कोरुसांट हे नाव याच पुस्तकानं दिलं आणि पुढं चित्रपटांनीही ते उचललं. क्लोन युद्धांबद्दलचे यातले उल्लेख २००२ आणि २००५ च्या चित्रपटांशी जुळत नाहीत. जुळणार कसे, ते चित्रपट दहा वर्षांनी आले.

त्यानंतर 'डार्क एम्पायर' कॉमिक (१९९१-९२) चवीपुरतं. चित्रं सुरेख, कथानकात सम्राट पुन्हा जिवंत होतो, हे तुम्हाला कितपत झेपतं त्यावर पुढचं. लढाऊ विमानांचं वेड असेल तर 'एक्स-विंग' मालिका: पहिले चार भाग मायकेल स्टॅकपोल यांचे, पुढचे तीन ॲरन ऑलस्टन यांचे. ऑलस्टनचे भाग जास्त विनोदी, आणि खरं सांगायचं तर जास्त चटका लावणारे. मग झान यांचीच 'स्पेक्टर ऑफ द पास्ट' आणि 'व्हिजन ऑफ द फ्युचर'. इथं थांबलात तरी एक वर्तुळ पूर्ण होतं. थांबवत नसेल तर कपाटातला तो अकरावा भाग बाहेर काढायची वेळ जवळ आली असं समजा, पण सुरुवात 'व्हेक्टर प्राइम'पासून. तिच्यात मूळ चमूतला एक जण मरतो. कोण, ते कुणाला विचारू नका.

भूतकाळात जाणारी पुस्तकं या सगळ्यानंतर. मॅथ्यू स्टोव्हर यांनी २००५ च्या चित्रपटावरून लिहिलेली कादंबरी चित्रपटापेक्षा सरस आहे. ड्रू कार्पिशिन यांची डार्थ बेन त्रयी (हा बेन, Bane, हान-लेयाच्या मुलापेक्षा वेगळा) वेगवान, 'पाथ ऑफ डिस्ट्रक्शन'पासून सुरू करा. जेम्स लुसेनो यांची 'डार्थ प्लेगस' (२०१२) मात्र १९९९ चा चित्रपट पुन्हा एकदा बघूनच उघडा, कारण तिचा शेवटचा भाग त्याच घटनांच्या पडद्यामागं घडतो.

आणि कालक्रमाचं काय?

त्याचा उपयोग आता आहे. डेल रेच्या बहुतेक पेपरबॅक्समध्ये सुरुवातीलाच कादंबऱ्यांचा कालपट छापलेला असतो. आपण शालिवाहन शक मोजतो तसं तिथं पहिल्या चित्रपटातल्या याव्हिनच्या लढाईपासून आधीची आणि नंतरची वर्षं मोजतात. वाचून झालेल्या नावांवर पेन्सिलनं खुणा करा. कुठं मोठी मोकळी जागा दिसते ते पाहा आणि डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरला की जाताना त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. स्टॉलवर उभं राहून हे आपल्याकडं आहे की नाही, असा प्रश्न पडला की माणूस तेच पुस्तक दुसऱ्यांदा विकत घेतो.