मोबाइलचं तिकीट की खिडकीवरचं? भाड्याचा हिशोब असा करा

संगमेश्वरहून रत्नागिरीला रेल्वेने रोज जाणाऱ्यांमध्ये हा वाद नेहमीचा आहे. एकजण म्हणतो, मोबाइलवर स्वस्त पडतं. दुसरा म्हणतो, वरचे पैसे उगाच जातात. दोघंही खरं बोलतात, फक्त वेगवेगळ्या तिकिटांबद्दल. मूळ भाडं अ‍ॅपवर आणि खिडकीवर सारखंच असतं. फरक पडतो तो वरच्या पैशांत आणि परताव्यात.

म्हणून आधी ठरवा, तुमचं तिकीट जनरलचं आहे की आरक्षणाचं.

जनरलचं असेल तर रेल्वेच्या रेलवन अ‍ॅपवर वेगळं शुल्क लागत नाही. आर-वॉलेटने, म्हणजे अ‍ॅपमध्ये आधी भरून ठेवलेल्या रकमेतून, पैसे देणाऱ्याला ३ टक्के फायदा मिळत आला आहे. आज किती मिळतो ते पैसे भरण्याआधी अ‍ॅपमध्येच पाहून घ्या. समजा तिकीट ४० रुपयांचं आहे आणि महिन्यात ५० फेऱ्या होतात. म्हणजे २,००० रुपये, त्यात वाचतात साधारण ६०. रक्कम छोटी आहे, पण रांगेतली वीस मिनिटं वाचतात ती वेगळी.

तिकीट काढताना गाडीचा प्रकार नीट निवडा. आपल्या तोंडी एखादी गाडी ‘पॅसेंजर’ असते, पण वेळापत्रकात ती एक्स्प्रेस असू शकते. पॅसेंजरचं तिकीट घेऊन एक्स्प्रेसमध्ये चढलात तर वाचवलेल्या साठ रुपयांच्या कितीतरी पट दंडात जातील.

आरक्षणाच्या तिकिटाचं गणित उलटं आहे. आयआरसीटीसीवर यूपीआयने पैसे भरले तर स्लीपर किंवा सेकंड सीटिंगला १० रुपये आणि एसीला २० रुपये सुविधा शुल्क पडतं. कार्ड किंवा नेटबँकिंगने भरले तर तेच १५ आणि ३० होतं. त्यावर १८ टक्के जीएसटी. खिडकीवर हे काहीच लागत नाही. मात्र हे शुल्क माणशी नसून तिकिटामागे असतं. गणपतीला गावी येणारी सहा माणसं एकाच तिकिटावर घेतली तर यूपीआयने स्लीपरला ११ रुपये ८० पैसे एकदाच जातात. आरक्षण केंद्रापर्यंतचं रिक्षाभाडं त्याहून जास्त होत असेल, तर घरी बसूनच काढा.

आता परतावा. इथेच लोक फसतात. अ‍ॅपवरचं पेपरलेस जनरल तिकीट रद्द होत नाही. खिडकीवरचं तीन तासांच्या आत रद्द करता येतं, पण माणशी ३० रुपये कापले जातात. म्हणजे २५ रुपयांच्या तिकिटाचे हातात काहीच येत नाहीत. जवळच्या प्रवासाला परताव्याचा विचारच सोडा. लांबचं तिकीट असेल आणि जाण्याची खात्री नसेल, तर कागदीच घ्या.

पावसाळा हा आपल्याकडचा वेगळा मुद्दा. गेल्या जुलैत शर्टाच्या खिशातलं माझं तिकीट एवढं भिजलं की घडी उघडताना मधोमध फाटलं आणि अर्धी अक्षरं बोटाला लागली. तपासनिसांनी दोन्ही तुकडे जुळवून पाहिले म्हणून निभावलं. तेव्हापासून कागदी तिकीट मी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतो.

फोनचं दुखणं निराळं. फोन बंद पडला तर तुम्ही विनातिकीट धरले जाता. किमान २५० रुपये दंड आणि वर भाडं. स्क्रीनशॉट चालत नाही, तिकीट अ‍ॅपमध्येच उघडून दाखवावं लागतं. करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात रेंज शोधत बसण्यापेक्षा गाडीत चढण्याआधीच ते एकदा उघडून बघा. शिवाय पेपरलेस तिकीट स्टेशनच्या आवारात शिरल्यावर निघत नाही. रिक्षात असतानाच, लोकेशन चालू करून काढा. आत शिरलाच असाल तर स्टेशनवरचा क्यूआर कोड स्कॅन करा. वडीलधारी माणसं एकटी जात असतील तर त्यांच्या हातात कागदच द्या.

रोजचा प्रवास असेल तर शेवटचा हिशोब पासचा. महिन्याच्या पासच्या रकमेला एकेरी भाड्याने भागा. येणाऱ्या आकड्यापेक्षा तुमच्या फेऱ्या जास्त असतील तर पास घ्या. तो १५० किलोमीटरपर्यंतच्या अंतरालाच मिळतो, त्यावर आरक्षित डब्यात बसता येत नाही. ज्या गाडीने जाता तिला तो चालतो का, हे पैसे भरण्याआधी खिडकीवर विचारून घ्या. फोनवर काढलात तरी ओळखपत्र जवळ ठेवा.